परसातील काकडी : प्रस्तावना

‘काकडीची चोरी आणि फाशीची शिक्षा’ ही म्हण ज्या समाजाने रूढ केली, त्या समाजाला अगदी क्षुल्लक मोलाच्या वस्तूचा दाखला हवा होता आणि तो शोधायला त्याला काकडीच्या पलीकडे जावे लागले नाही, यावरूनच आपल्या संसारात काकडीची पायरी कोणती ते कळून येते. ताटाच्या डाव्या बाजूला चटणी-लोणच्याच्या पंक्तीत बसणारी, उपवासाला चालणारी, उन्हाळ्यात तहान भागवणारी आणि इतर भाज्यांची खरेदी आटोपल्यावर पिशवीत राहिलेल्या जागेपुरती घेतली जाणारी ही वस्तू स्वतंत्र ग्रंथाचा विषय होऊ शकते, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. भाजीपाल्यावरच्या मराठी पुस्तकांत तिला दुधी, दोडका, पडवळ, कारले यांच्या शेवटी पान-दोन पाने मिळतात. पाकशास्त्रावरच्या पुस्तकांत ती कोशिंबिरींच्या प्रकरणात येते आणि तिथेच संपते. लागवड सांगणारा स्वयंपाकघरात डोकावत नाही आणि पाककृती सांगणाऱ्याला वेलीशी कर्तव्य नसते. या दोन दफ्तरांमधली भिंत काढून टाकावी आणि परसात लावलेली, कच्चीच चिरून खायची काकडी आळ्यातल्या बियापासून ताटातल्या फोडीपर्यंत एकाच दृष्टीने न्याहाळावी, या हेतूने प्रस्तुत ग्रंथ सिद्ध झाला आहे.

एवढ्या लहान विषयासाठी एवढा खटाटोप का, याचे उत्तर काकडीच्या प्रकृतीतच आहे. आंबा, केळे, चिकू ही फळे झाडावरून उतरवल्यावर पिकतात, आणि म्हणून त्यांचा प्रवास हा त्यांच्या परिपाकाचाच एक भाग होऊ शकतो. काकडीचे तसे नाही. ती अपक्वावस्थेतच खाण्याचे फळ आहे. मादी फूल उमलल्यापासून साधारणतः आठ ते बारा दिवसांत, जात आणि ऋतू यांच्या मानाने, तिच्या उत्तम अवस्थेची एक-दोन दिवसांची मुदत येते. त्या आधी ती पुरती भरलेली नसते आणि त्या नंतर साल निबर होते, बी टणक होते, गराचा करकरीतपणा जातो आणि मग तिला आपण ‘जून’ म्हणतो. तोडल्यावर तिच्यात काही वाढत नाही, जे असते ते कमी मात्र होत जाते. फळात सुमारे ९५ टक्के पाणीच असल्यामुळे ते तासागणिक उडू लागते. व्यापाऱ्याने दोनशे कोसांवरून माल आणायचा तर त्याला जाड सालीची, मार सोसणारी, रंगाने न उतरणारी जात हवी, आणि तीही त्याच्या सोयीच्या दिवशी तोडलेली हवी. यात त्याचा काही अपराध नाही. परंतु त्या एक-दोन दिवसांच्या मुदतीवर खराखुरा हक्क ज्याच्या घराला लागून वेल आहे त्याचाच राहतो, ही गोष्ट मान्य केली म्हणजे परसबाग हा काकडीच्या बाबतीत हौसेचा मामला राहत नाही. ते तिचे स्वाभाविक स्थान ठरते. या ग्रंथातील सारा विचार या एका प्रतिपादनाभोवती फिरतो.

काकडीचे मूळ घर भारतवर्षच, याबद्दल वनस्पतिशास्त्रज्ञांत आता फारसा मतभेद उरलेला नाही. हिमालयाच्या पायथ्याच्या पट्ट्यात आजही एक रानटी वेल आढळते; तिची फळे अंड्याएवढी किंवा त्याहून लहान आणि अतिशय कडू असतात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जॉन फोर्ब्ज रॉइल याने तिला हार्डविक या सेनाधिकाऱ्याच्या नावावरून ‘क्युक्युमिस हार्डविकी’ हे नाव दिले. परसातल्या काकडीशी तिचा सहज संकर होतो आणि ती तिचेच रानटी रूप मानली जाते. फ्रेंच भाषेत लिहिणारा स्विस वनस्पतिविद आल्फोन्स द कांदोल याने लागवडीखालील वनस्पतींच्या उगमावर १८८२ च्या सुमारास जो विख्यात ग्रंथ लिहिला, त्यातही काकडीच्या भारतीय मूळाच्याच बाजूने कौल दिला. संस्कृत वैद्यकात ती ‘त्रपुस’ या नावाने येते. भावप्रकाशकार तर कोवळ्या आणि पक्व फळांचे गुण निरनिराळे सांगतात, कोवळे तृष्णा, क्लम व दाह शमवणारे, तर पिकलेले आंबट, उष्ण आणि पित्तकर. कोवळेपणाची मुदत आमच्या वैद्यांनी किती काटेकोरपणे ओळखली होती, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा नको.

तथापि जुन्या वाङ्मयात काकडीचा शोध घेणाऱ्याला एक सावधगिरी बाळगावी लागते. वाळूक, चिबूड, शेंदाड, खरबूज आणि उत्तरेकडची लांबोडकी ‘ककडी’ ही सारी दुसऱ्या एका जातीची अपत्ये असून त्यांची व काकडीची भाऊबंदकी दूरची आहे: काकडीच्या पेशीत गुणसूत्रे १४, तर त्या कुळात २४. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील मृत्युंजय मंत्रात देठाच्या बंधनातून आपोआप सुटणाऱ्या फळाचा जो दृष्टान्त आहे, तो परसातल्या काकडीला लागू पडत नाही. काकडी पिकून पिवळीधमक झाली तरी देठ सोडत नाही, आणि देठ सोडण्याचा गुण चिबडाच्या कुळाचा आहे. वेलीपाशी उभे राहून ही दोन कुळे ओळखायची असतील तर मादी फुलाच्या पाठीमागचे इवलेसे फळ पाहावे. काकडीचे असेल तर त्यावर बारीक पुटकुळ्या आणि काटे दिसतील. वाळूक-चिबडाचे असेल तर मऊ लव दिसेल. पानांतही फरक आहे, काकडीचे पान कोनदार व खरखरीत, तर चिबडाचे गोलसर.

हा भेद केवळ पंडितांच्या कामाचा नाही. शेजारी कारल्याचा किंवा कडू वाळकाचा वेल असल्याने काकडी कडू झाली, असे आजही घरोघरी सांगितले जाते. वास्तविक या कुळांचा काकडीशी संकर होतच नाही; आणि काकडीच्याच दुसऱ्या जातीचे पराग आले तरी त्यांचा परिणाम बियांत, म्हणजे पुढच्या पिढीत दिसेल, या वर्षीच्या गराच्या चवीत नव्हे. कडूपणा येतो तो ‘क्युकरबिटासिन’ या द्रव्यवर्गामुळे. ते वेलीच्या पानाखोडांत मुळातच असते आणि उष्मा, पाण्याची ओढाताण यांसारख्या संकटांत फळात उतरते. त्याचा भर देठाकडच्या टोकात व सालीलगत असतो. देठाचे टोक कापून ते काकडीवर घासून फेस काढण्याची आपल्याकडची पद्धत प्रसिद्ध आहे. तिच्यात खरे काम टोक कापण्याने होते.

भारताबाहेर गेलेल्या काकडीचा इतिहास हा बव्हंशी ऋतूवर आणि अंतरावर मात करण्याच्या धडपडीचा इतिहास आहे. रोमचा सम्राट टायबेरियस याला हे फळ रोज लागत असे आणि त्यासाठी चाकांवरचे वाफे करून ते उन्हात फिरवीत, थंडीत पारदर्शक दगडाच्या पातळ पत्र्यांखाली झाकून ठेवीत, असे प्लिनीने लिहून ठेवले आहे. ते फळ आजची काकडी नसून लांब ककडीचा प्रकार असावे, असे अलीकडच्या काही अभ्यासकांचे मत आहे, आणि मला ते ग्राह्य वाटते. पण युक्ती तीच पुढे काकडीसाठी वापरली गेली हे निर्विवाद. इंग्लंडच्या थंड हवेत कुजत्या शेणखताच्या उबेवर काचेच्या चौकटी ठेवून काकडी वाढवण्याचा शिरस्ता पडला, आणि तेथील बागाईतदारांत दोन स्पष्ट संप्रदाय निर्माण झाले: एक उघड्यावर, उंचवट्यांवर काटेरी आखूड काकडी घेणारा; दुसरा काचेखाली हातभर लांब, गुळगुळीत, बिनबियांची काकडी घेणारा. लोहमार्गाचा सुप्रसिद्ध अभियंता जॉर्ज स्टीफन्सन याने उतारवयात चेस्टरफील्डजवळच्या आपल्या बागेत वाकडी होणारी काकडी सरळ वाढावी म्हणून काचेच्या नळ्या करवून घेतल्या आणि कोवळी फळे त्यांत घालून वाढवली. सरळपणाचा हा सोस पुढे सरकारी कायद्यापर्यंत पोचला. १९८८ साली युरोपीय समुदायाने काढलेल्या नियमान्वये उत्तम प्रतीच्या काकडीला दर १० सेंटिमीटर लांबीमागे १० मिलिमीटरपेक्षा अधिक बाक असता कामा नये, असे ठरले, आणि तो नियम २००९ च्या जुलैत रद्द होईपर्यंत अमलात राहिला. पेटीत मोजून रचण्यास सरळ फळ सोयीचे, हे कबूल. चवीचा आणि बाकाचा मात्र काडीचा संबंध नाही. मांडवावरून लोंबणारे फळ स्वतःच्या भाराने आपोआप सरळ वाढते, ही गोष्ट आमच्या कोकणातल्या कोणत्याही गृहिणीने या कायदेपंडितांना विनामूल्य सांगितली असती.

विसाव्या शतकात या विषयाची सूत्रे बीजसंवर्धकांच्या हाती गेली. अमेरिकेत १९३५ साली ‘स्ट्रेट एट’ या जातीला अखिल अमेरिकी निवडीत मान मिळाला आणि घरगुती बागेतली चिरून खाण्याची काकडी कशी असावी, याचा एक नमुनाच तिने घालून दिला. आठ इंच लांब, सरळ, गर्द हिरवी. त्यानंतर दक्षिण कॅरोलायनात केवडा रोगाला तोंड देणाऱ्या जाती निघाल्या, त्यांपैकी ‘पॉइनसेट’ भारतातही चांगली रुजली. १९५९ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी पानापासून फळापर्यंत कोठेही कडूपणा नसलेल्या वेलींचा उपयोग करून कडूपणाविरहित जातींचा मार्ग खुला केला. १९६० च्या सुमारास अमेरिकेतील मिशिगन राज्यात पूर्वेकडून आलेल्या ‘शोगोइन’ या जातीच्या बीजातून जवळजवळ सर्व फुले मादीच येणाऱ्या वेली निवडण्यात आल्या, आणि आज बाजारात मिळणाऱ्या बहुसंख्य संकरित बियाण्यांचे मूळ तिथे आहे. इस्राएलमधील बेट आल्फा या सामुदायिक वसाहतीच्या नावाने ओळखली जाणारी आखूड, पातळ सालीची काकडी पश्चिम आशियाभर पसरली. जपानात काकडीचे रोप भोपळ्याच्या खुंटावर कलम करण्याचे तंत्र इतके पुढे गेले की तेथील व्यापारी लागवडीत ते सर्वसामान्य होऊन बसले. परागीकरणावाचूनच फळ धरणाऱ्या जाती तर बंदिस्त हरितगृहासाठीच जन्मल्या.

या सर्व शोधांबद्दल मला आदर आहे. परंतु घरच्या बागेसाठी त्यांतले काय घ्यावे आणि काय सोडावे, याचा विवेक आमच्याकडच्या बागकामाच्या लेखनात फार क्वचित आढळतो. रोगप्रतिकार घ्यावा, कडूपणाचा अभाव घ्यावा. एकाच वेळी सगळी फळे देऊन मोकळी होणारी, केवळ मादी फुलांची जात मात्र चार माणसांच्या घराला काय उपयोगाची? पंधरा दिवसांत ढिगाने काकडी आणि नंतर वाळका वेल, हा हिशेब व्यापाऱ्याला परवडतो. घराला रोज एक-दोन काकड्या दोन महिने मिळत राहिल्या, तर त्यात खरा लाभ.

महाराष्ट्राच्या परसबागेत काकडीचे दोन निराळे संप्रदाय फार पूर्वीपासून नांदत आले आहेत आणि ते हवामानातून निपजले असले तरी त्यांनी दोन पाकपद्धती घडवल्या आहेत. देशावरचा संप्रदाय कोवळ्या, आखूड, फिकट हिरव्या काकडीचा. पुणे आणि आसपासच्या मुलखातला ‘पुणा खिरा’ हा त्याचा प्रतिनिधी: लवकर येणारा, उन्हाळ्यात तग धरणारा, एकात हिरवट-पिवळी व दुसऱ्यात तांबूस फळे येणारे त्याचे दोन प्रकार. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने याच परंपरेत पांढऱ्या, कोवळ्या फळांची ‘हिमांगी’ काढली. कोकण-गोव्याचा संप्रदाय पावसाळी तवशाचा. मिरगाच्या आगेमागे घराच्या मागल्या अंगणात बी टोचायचे, बांबू-काठ्यांचा मांडव घालायचा आणि गणपतीच्या सुमारास मांडवाखालून चालताना डोक्याला लागतील अशी जाडजूड तवशी लोंबताना पाहायची, हा तिथला वार्षिक क्रम. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘शीतल’ ही जात डोंगरउताराच्या हलक्या जमिनीसाठी आणि मुसळधार पावसासाठी निवडलेली आहे. गोव्यात गणपतीपुढे जी माटोळी बांधतात, तीत रानातल्या व परसातल्या फळांबरोबर तवसेही टांगले जाते. आणि भाद्रपद शुद्ध पंचमीला, ज्या दिवशी बैलाच्या कष्टाचे अन्न वर्ज्य मानतात, त्या दिवशीच्या ऋषीच्या भाजीत अळू, माठ, सुरण, भेंडी यांच्याबरोबर काकडीच्या फोडी पडतात. केवळ माणसाच्या हाताने परसात पिकवलेल्या अन्नाचा इतका उघड सन्मान आमच्या पंचांगात दुसऱ्या कोणत्या दिवशी होत असेल, असे मला वाटत नाही.

लागवडीचा तपशील ग्रंथात यथास्थळी येईल. नवशिक्याचा जेथे हमखास गोंधळ होतो, त्या जागेवर मात्र येथेच थोडे थांबले पाहिजे. बी पेरल्यापासून पाच-सात दिवसांत अंकुर येतो, महिनाभरात वेल चढू लागतो आणि पिवळी फुले दिसू लागतात; ती उमलतात, सायंकाळपर्यंत मिटतात आणि गळून पडतात. माणूस हवालदिल होतो, खत घालतो, औषध विचारत हिंडतो. वस्तुतः ही पहिली फुले नर असतात आणि त्यांनी गळावे हेच त्यांचे प्रारब्ध. काही दिवसांनी ज्या फुलामागे बोटाच्या पेराएवढी, काटेरी, चिमुकली काकडी आधीच बसलेली दिसेल, ते मादी. ते सकाळी उमलते आणि त्याची ग्रहणक्षमता बहुतांशी त्याच दिवसापुरती असते. तेवढ्या अवधीत सातेरी, फुलोरी किंवा पोयाची माशी त्यावर यावी लागते, आणि एका-दोघींच्या भेटीने भागत नाही, आठदहा किंवा त्याहून अधिक भेटी घडल्या तरच सर्व बीजांडे फळतात. भेटी अपुऱ्या पडल्या तर फळ एका बाजूला फुगते, दुसऱ्या बाजूला आकसते, टोकाशी बारीक होते. शहरातल्या आठव्या मजल्यावरच्या गच्चीवर, जेथे मधमाशी वाट चुकूनच येते, तेथे सकाळी ताजे नर फूल खुडावे, त्याच्या पाकळ्या मागे वळवाव्यात आणि आतला परागकोश मादी फुलाच्या मधल्या तीन-फाकी कुक्षीवर हलकेच फिरवावा. फूल खरोखर फळले असेल तर पुढल्या दोन-तीन दिवसांत त्या चिमुकल्या काकडीत वाढ दिसते. न फळलेले पिवळे पडून सुकते.

पाण्याविषयी एकच सांगणे: काकडीची मुळे उथळ, बहुतेक वीतभर-दीडवीत खोलीतच पसरणारी, म्हणून थोडे आणि नियमित पाणी हवे, एक दिवस पूर व चार दिवस अवर्षण नको. आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन असले की निम्मी चिंता मिटते. तांबडे भुंगेरे कोवळ्या रोपांची पानेच फस्त करतात. ते पहाटे थंडीने सुस्त असताना हाताने वेचणे हा घरच्या बागेतला सर्वांत खात्रीचा उपाय. फळमाशी लागलेले फळ मात्र क्षणभरही वेलीवर किंवा जमिनीवर ठेवू नये, खोल पुरावे. परागीकरण झालेल्या फळावर कागदी पिशवी चढवली तर माशीला शिरकावच मिळत नाही. भुरीसाठी गंधक वापरणारांनी भर उन्हात ते मारू नये, वेलवर्गीयांची पाने त्याने करपतात.

तोडणीची शिस्त लागवडीइतकीच महत्त्वाची, आणि आमच्या मते ती सर्वांत दुर्लक्षित. एक फळ वेलीवर जून होऊ दिले की वेल आपले सारे बळ त्याच्या बियांकडे वळवते आणि नवी फळे धरण्याचे काम मंदावते. म्हणून एक दिवसाआड वेलीखाली फिरून पानांआड दडलेली फळेही शोधावीत. ओढून तोडू नये, कात्रीने किंवा सुरीने थोडा देठ ठेवून कापावे. काट्यांची टोके अजून बोटाला टोचत असतील, सालीवर चकाकी असेल आणि पिवळसरपणाचा लवलेश नसेल, तर मुदत टळलेली नाही असे समजावे.

स्वयंपाकघरात आल्यावर दोन संप्रदायांची दोन टोके स्पष्ट होतात. देशावरच्या खमंग काकडीत कोवळी काकडी चोचवली जाते, आणि चोचवणे म्हणजे काय हे आज कित्येक तरुण घरांना ठाऊक नसावे म्हणून ते येथे नोंदवतो. सोललेली काकडी डाव्या तळहातात उभी धरायची, उजव्या हातातल्या सुरीने टोकावर भराभर, जवळजवळ, कमीअधिक खोलीचे घाव घालायचे, मधून मधून काकडी हातातल्या हातात फिरवायची, आणि मग आडवी सुरी धरून वरचा थर ताटलीत उतरवायचा. असे थरावर थर. यातून पडणारे तुकडे एकसारखे नसतात, काही बारीक, काही लांबट, आणि त्या विषमतेमुळेच दाण्याचे कूट त्यांना धरून राहते, दाताखाली करकरीतपणाही उरतो. किसलेल्या काकडीचा मात्र लगदा होतो, पाणी सुटते. मीठ वाढण्याच्या ऐन वेळी घालावे. आधी घातले की ते गरातले पाणी खेचून घेते आणि वरची तुपा-जिऱ्याची, मिरचीची फोडणी त्या पाण्यात पोहत राहते.

कोकणी संप्रदाय याच्या अगदी उलट वाटेने जातो. येथे जून तवसेच हवे. साल काढून, बियांचा गाभा बाजूला करून किसलेल्या गरात तांदळाचा रवा, गूळ, ओले खोबरे घालतात आणि बाहेरून पाण्याचा थेंबही न घालता तो रवा काकडीच्या रसातच फुगू देतात. मग वर-खाली निखारे ठेवून मंद आचेवर भाजतात. रत्नागिरीकडे हे धोंडस, गोव्याकडे तवसळी. ज्या पाण्याच्या भीतीने देशावरची गृहिणी मीठ हातात धरून बसते, तेच पाणी येथे सारे काम करते. कोवळ्या फळाची मुदत टळली म्हणजे वेलीवरचे फळ वाया गेले, असे मानणाऱ्या बागाइतदारासाठी कोकणाने ही दुसरी मुदत बहाल केलेली आहे, आणि या ग्रंथाच्या पाककृतींची मांडणी म्हणूनच पदार्थांच्या वर्गवारीने न करता फळाच्या वयाने केली आहे: अगदी कोवळी, भरलेली, जून आणि पिकलेली. काकडीचे थालीपीठ, पचडी, दह्यातली कोशिंबीर, घारगे, सर्व या क्रमात आपापल्या जागी येतात. साठवणीविषयी एवढे लक्षात असू द्यावे की काकडीला दहा अंशांखालची थंडी मानवत नाही. शीतकपाटाच्या गार खणात काही दिवस राहिलेली काकडी पाणथळ, डागाळलेली होते ती यामुळेच. परसवाल्याला साठवणच नको, ही त्याची श्रीमंती.

आज या विषयाची निकड का वाटली, तेही सांगितले पाहिजे. एका बाजूला शहरांच्या गच्च्यांवर, सदनिकांच्या सज्जांत कुंड्या-पिंपांतून भाजी पिकवण्याची आस्था वाढली आहे आणि लोक विचारत आहेत, शिकत आहेत. दुसऱ्या बाजूला त्यांच्या हाती येते ते मुख्यतः संकरित बियाण्याचे पाकीट, ज्याच्या फळातून धरलेले बी पुढच्या वर्षी तसेच पीक देत नाही. त्यामुळे पाकीट दरवर्षी विकत घ्यायचे आणि आजीच्या मांडवावरचे तवसे कोणते होते, पांढरे की पट्ट्यांचे, हे विसरून जायचे, असा क्रम पडत चालला आहे. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने आपले बी राखण्याचा, पेरण्याचा व देवाणघेवाण करण्याचा शेतकऱ्याचा हक्क मान्य केला आहे. परंतु जो हक्क बजावायला हातात बीच उरले नाही, त्याची सनद काय कामाची? जुने वाण सरकारी बीजपेढ्यांत जतन होतात ही उत्तम तजवीज आहे. पण पेढीतले बी झोपलेले असते. ते दरवर्षी मातीत पडावे, त्या वर्षीचा पाऊस, त्या वर्षीचा केवडा त्याने सोसावा आणि त्यातून तगलेल्या वेलीचे बी पुढे जावे, हे काम परसातच होऊ शकते. काकडी त्याला विशेष सोयीची आहे, कारण मोजक्याच वेलींवरून वर्षानुवर्षे बी धरले तरी तिचे सत्त्व मक्यासारखे झपाट्याने खालावत नाही. मादी कळी आणि त्याच वाणाची नर कळी आदल्या संध्याकाळी दोऱ्याने बांधायची, सकाळी त्या नर फुलाचे पराग मादीला द्यायचे, मादी पुन्हा बांधायची आणि त्या फळाला खूण करून ठेवायची. एवढ्याने वाण शुद्ध राहतो.

या ग्रंथाची मर्यादाही नोंदवून ठेवतो. व्यापारी लागवड, हरितगृहातील उत्पादन आणि कर्नाटकात करारपद्धतीने होणारी, परदेशी जाणारी लोणच्याच्या छोट्या काकडीची शेती या गोष्टी येथे तुलनेपुरत्याच आल्या आहेत. औषधी गुणांविषयी जुन्या वैद्यकातील उल्लेख दिले असले तरी रोगनिवारणाचा दावा कोठेही केलेला नाही. जातींची शिफारस करताना बाजारात आज जे नाव चलती आहे त्यापेक्षा घरी बी धरता येईल अशा सरळ वाणांना आम्ही अग्रक्रम दिला आहे, आणि त्याबद्दल कोणी पक्षपाताचा आरोप केला तर तो आम्हाला मान्य आहे.

वाचकांस विनंती एवढीच की पुस्तक वाचून संपवण्याची वाट पाहू नये. पाऊस पडण्यापूर्वी गावाकडच्या किंवा शेजारच्या एखाद्या जुन्या वेलीचे बी मागून आणावे, एका आळ्यात दोन-तीन बिया टोचाव्यात आणि हंगामाच्या उत्तरार्धात, खाण्यापुरती काकडी निघाल्यावर, बांधून परागित केलेले एक निरोगी फळ वेलीवर पिवळे होईपर्यंत राखावे. त्यातले बी गरासह एक-दोन दिवस पाण्यात आंबवून, धुऊन, तळाशी बसलेले तेवढे सावलीत वाळवून राखेत ठेवावे. त्यातले अर्धे स्वतःला ठेवावे आणि अर्धे दुसऱ्या कोणाला द्यावे.